वेदनेची नवी गोळी आणि पेशींचे दरवाजे

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, ३० जानेवारी २०२५ रोजी सुझेट्रिजिन या वेदनाशामक गोळीला मान्यता दिली, तेव्हा बहुतेक बातम्यांचा भर ती व्यसन लावत नाही यावर होता. भर चुकीचा नव्हता, पण ती व्यसन का लावत नसावी याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. मॉर्फिनच्या कुळातील औषधे प्रामुख्याने मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात आणि तिथेच सुखाची, सवयीची व श्वासाची यंत्रणाही असते. ही नवी गोळी मात्र जखमेकडून निघालेला संदेश मेंदूकडे जाण्याच्या वाटेवरच अडवते, आणि त्यासाठी वेदना वाहणाऱ्या चेतापेशींवरचे एका विशिष्ट प्रकारचे सूक्ष्म दरवाजे बंद ठेवते. या दरवाज्यांना आयन चॅनेल म्हणतात.

हा शब्द अनेकांना अपरिचित वाटेल, पण त्या दरवाज्यांशी आपला संबंध रोजचा आहे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणारा, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणारा, दात काढण्यापूर्वी हिरडीत सुई टोचून घेणारा आणि रात्री खोलीत डासांची कॉइल लावणारा, हे सर्व जण वेगवेगळ्या आयन चॅनेलवर परिणाम करणारी रसायने वापरत असतात. चेतापेशीने संदेश पाठवणे, हृदयाने ठोका देणे, स्नायूने आखडणे आणि स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडणे या सगळ्या क्रियांच्या मुळाशी हे दरवाजे उघडणे आणि मिटणे असते.

आधी रक्ताचा अहवाल पाहू

मीठ पाण्यात विरघळले की त्यातील सोडियम आणि क्लोरीन वेगळे होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला विद्युतप्रभार येतो. सोडियमवर धन आणि क्लोराइडवर ऋण. अशा प्रभारित कणाला आयन म्हणतात. शरीरातील संदेशांसाठी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्लोराइड हे चार आयन सर्वांत महत्त्वाचे आहेत.

प्रयोगशाळेतून आलेल्या रक्ताच्या अहवालात सोडियम साधारण १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ असे आकडे दिसतात. हे आकडे पेशींच्या बाहेरच्या द्रवाचे आहेत. पेशीच्या आत शिरले तर चित्र उलटे होते. तिथे पोटॅशियम १४०च्या आसपास असते आणि सोडियम जेमतेम १० ते १५. कॅल्शियमच्या बाबतीत तर तफावत आणखी मोठी आहे. पेशीबाहेरचे मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते.

ही तफावत टिकते, कारण पेशीचे आवरण मेदाचे बनलेले असते. या आवरणाला पेशीपटल म्हणतात आणि त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतकी असते. आयनांभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात आणि मेदाला पाणी चालत नाही, त्यामुळे इतके पातळ पटलही आयनांना ओलांडता येत नाही. त्यांना आत-बाहेर जायचे असेल तर पटलात आरपार रोवलेल्या प्रथिनांतून जावे लागते. ज्या प्रथिनाच्या मधोमध असा बोगदा असतो, आणि बहुधा तो उघडण्या-मिटण्याची सोयही असते, ते प्रथिन म्हणजे आयन चॅनेल.

घाटघरसारखी व्यवस्था

सह्याद्रीत अकोले तालुक्यातील घाटघर येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तिथे विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. चढवण्याचे काम संथ आणि खर्चिक असते. सोडण्याचे काम मात्र दरवाजा उघडताच सुरू होते, कारण ऊर्जा उंचीच्या फरकात आधीच साठवलेली असते.

पेशीनेही हीच दोन कामे वेगळी ठेवली आहेत. पंपाचे काम सोडियम-पोटॅशियम पंप या प्रथिनाकडे असते. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये ते ओळखले आणि त्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा पंप प्रत्येक फेरीत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्च करून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी तो एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा वापरतो, त्यातील मोठा भाग अशा पंपांवर खर्च होतो. आयन चॅनेल मात्र वाहतुकीसाठी काहीही खर्च करत नाही. ते केवळ उघडते, आणि आयन स्वतःहून उताराच्या दिशेने धावतात.

इथे उतार दोन प्रकारचा असतो. जिथे एखादा आयन दाटीने आहे तिथून तो विरळ जागेकडे जातो, हा एक. आणि धन आयन ऋण बाजूकडे ओढला जातो, हा दुसरा. शांत बसलेल्या चेतापेशीत काही पोटॅशियम चॅनेल सतत उघडी असतात. त्यांतून थोडे पोटॅशियम बाहेर झिरपते, धनप्रभार घेऊन जाते आणि पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण होतो. सत्तर मिलिव्होल्ट हा आकडा क्षुल्लक वाटतो, कारण घड्याळाच्या साध्या सेलमध्येही दीड व्होल्ट असतो. पण हा फरक केवळ ५ नॅनोमीटरवर पडलेला आहे. मीटरच्या हिशेबात तो दीड कोटी व्होल्टच्या जवळ जातो, आणि कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. एवढ्या ताणाखाली उभ्या असलेल्या प्रथिनाला थोडासा विद्युत बदलही जाणवतो, हे पुढे महत्त्वाचे ठरते.

संदेश म्हणजे नेमके काय पुढे सरकते?

घाटघरचा दरवाजा अभियंता उघडतो. चेतातंतूतील दरवाजा शेजारचा दरवाजा उघडल्यामुळे उघडतो, आणि आपली उपमा इथेच संपते.

चेतातंतूवरील सोडियम चॅनेलच्या रचनेत काही भाग धनप्रभारित असतात. पेशीचा आतला भाग ऋण असतो तोवर हे भाग आतल्या बाजूकडे ओढलेले राहतात आणि दरवाजा बंद असतो. काही कारणाने आतला ऋणपणा उणे ७० वरून उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास कमी झाला की हे भाग बाहेरच्या दिशेने सरकतात आणि दरवाजा उघडतो. बाहेर दाटलेले सोडियम आत घुसते, त्यामुळे आतला भाग आणखी धन होतो, त्यामुळे आणखी सोडियम चॅनेल उघडतात, आणि एक सहस्रांश सेकंदाच्या आत पेशीचा तो भाग ऋण न राहता धन होऊन जातो.

आता दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडतात. सोडियम चॅनेलच्याच आतल्या बाजूचा एक लहान तुकडा बोगद्यात बुचासारखा बसतो आणि वाहतूक थांबवतो; त्याच वेळी जरा उशिरा उघडणारी पोटॅशियम चॅनेल उघडतात आणि पोटॅशियम बाहेर जाऊन आतला भाग पुन्हा ऋण होतो. तोपर्यंत आत आलेल्या सोडियमच्या प्रभाराने तंतूचा पुढचा भाग जागा केलेला असतो. मागच्या भागाची बुचे अजून निघालेली नसल्यामुळे लाट मागे फिरत नाही.

तारेतील वीज आणि चेतातंतूतील संदेश यांत हाच मूलभूत फरक आहे. तारेत प्रवाह तारेच्या लांबीच्या दिशेने वाहतो. चेतातंतूत आयन मुख्यतः पटलाच्या आरपार, म्हणजे लांबीला आडवे जातात, आणि पुढे सरकते ती दरवाजे उघडण्याची लाट. म्हणूनच तिचा वेग विजेपेक्षा फारच कमी असतो. मेदाचे जाड वेष्टण असलेल्या तंतूंत ती सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जाते. वेष्टण नसलेल्या, बारीक वेदनातंतूंत सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. पायाचे बोट उंबऱ्याला आपटले की आधी लखकन एक तीक्ष्ण कळ येते आणि थोड्या अवधीने खोल, ठणकणारी वेदना पसरते, त्याचे कारण दोन वेगवेगळ्या वेगांचे तंतू एकाच अपघाताची बातमी घेऊन निघालेले असतात.

प्रत्येक लाटेची उंची मात्र जवळपास सारखीच असते. हलका चिमटा आणि जोराचा घाव यांतला फरक लाट मोठी करून कळवला जात नाही. तो दर सेकंदाला किती लाटा येतात आणि किती तंतूंमधून येतात यावरून कळवला जातो.

हे सगळे कळले कसे?

त्याचे बरेचसे श्रेय माकूळ या समुद्री प्राण्याला द्यावे लागते. माकुळाच्या अंगात पळ काढण्यासाठी वापरला जाणारा एक चेतातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि त्यात बारीक विद्युताग्र (इलेक्ट्रोड) सारता येते. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे असा तंतू वापरून संदेशाची नोंद पेशीच्या आतून घेतली. मग महायुद्ध आले. युद्धानंतर त्यांनी काम पुन्हा सुरू केले आणि १९५२ मध्ये सोडियम व पोटॅशियम यांचे प्रवाह वेगवेगळे मोजून, त्यांवरून लाटेचा आकार आणि वेग सांगणारी समीकरणे प्रसिद्ध केली. केंब्रिजचा संगणक त्या काळात दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सलींनी ती आकडेमोड हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केली. १९६३ साली दोघांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल मिळाले. या समीकरणांत दरवाज्यांसारखे काहीतरी गृहीत होते, पण दरवाजा तेव्हा कोणी पाहिला नव्हता.

एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजण्याचे तंत्र जर्मनीत एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमन यांनी १९७६ मध्ये दाखवले. अतिशय बारीक काचनळीचे तोंड पेशीपटलाला टेकवून त्यांनी तेवढ्याच ठिपक्यातील प्रवाह मोजला. एका अ‍ॅम्पिअरचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतल्या काही भागांइतका तो भरला. कागदावर उमटलेली रेषा हळूहळू वर-खाली होत नव्हती. ती एकदम उडी घेई, काही क्षण वर राही आणि एकदम खाली येई. चॅनेल उघडे असते किंवा बंद, हे त्या रेषेने दाखवून दिले. या कामासाठी त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले.

साध्या बोगद्याला सोडियम आणि पोटॅशियम ओळखता कसे येतात?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही तिने अनेक दशके छळले. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा असतो. मोठा आयन जाईल अशा भोकातून लहान आयन सहज जायला हवा. प्रत्यक्षात पोटॅशियम चॅनेलमधून दहा हजार पोटॅशियममागे एखादा सोडियम जातो, तोही महत्प्रयासाने.

रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये एका मातीतील जीवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, तेव्हा उत्तर मिळाले. पाण्यात असताना आयनाभोवती पाण्याचे रेणू असतात आणि त्यांच्या ऑक्सिजनकडे आयन ओढलेला असतो. बोगद्यात शिरताना त्याला हे पाणी सोडावे लागते, आणि त्यासाठी ऊर्जा लागते. चॅनेलच्या अरुंद भागात प्रथिनाचे स्वतःचे ऑक्सिजन अणू अशा नेमक्या अंतरावर मांडलेले असतात, की पोटॅशियमला पाणी सोडल्याची भरपाई लगेच होते. सोडियम लहान असल्यामुळे त्या सगळ्या ऑक्सिजनपर्यंत एकाच वेळी पोचत नाही, त्याची भरपाई अपुरी राहते आणि तो पाण्यातच थांबतो. म्हणजे चाळणी आकाराची नसून ऊर्जेच्या हिशेबाची आहे. एवढी पारख करूनही अशा चॅनेलमधून सेकंदाला एक कोटी किंवा त्याहून जास्त आयन जाऊ शकतात. मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि या विषयातील इतक्या पारितोषिकांपैकी मला हेच सर्वांत विलक्षण वाटते, कारण तिथे रचना पाहताक्षणी कार्य समजले.

एवढे आयन वाहून गेल्यावर साठा संपत नाही का?

संपत नाही, आणि याचा ढोबळ हिशेब कोणालाही पडताळून पाहता येतो. वीस मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशीत सुमारे ३५,००० कोटी पोटॅशियम आयन असतात. तिच्या आतबाहेरचा विद्युत फरक १०० मिलिव्होल्टने बदलायला केवळ ८० लाखांच्या आसपास आयनांनी पटल ओलांडणे पुरते. म्हणजे एका संदेशासाठी साठ्याचा चाळीस हजारावा भागही खर्च होत नाही. पंप बंद पाडला तरी काही काळ संदेश चालू राहतात, हे माकुळाच्या तंतूवरच दाखवले गेले आहे. अतिशय बारीक तंतूंत साठा कमी असतो, तिथे मात्र पंपाचे महत्त्व लवकर जाणवते.

मिरची, पुदिना आणि साखर

सगळे दरवाजे विद्युत बदलाने उघडत नाहीत. काही रसायनाने उघडतात, काही उष्णतेने, काही नुसत्या ताणाने. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सायसिनने उघडणारे चॅनेल शोधले, आणि तेच चॅनेल ४३ अंश सेल्सियसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडते असे दिसून आले. तिखटाने तोंड भाजते हा आपला अनुभव म्हणूनच शब्दशः खरा आहे. मेंदूकडे पोचणारा संदेश भाजल्याचाच असतो, फक्त भाजलेले काही नसते. पक्ष्यांच्या याच चॅनेलला कॅप्सायसिन फारसे जाणवत नाही, त्यामुळे पोपट मिरच्या निवांत खातो. पुदिन्यातील मेंथॉल थंडीने उघडणारे वेगळे चॅनेल उघडते. स्पर्शाने उघडणारी पिएझो ही चॅनेल आर्डेम पटापूटियन यांनी २०१० मध्ये ओळखली आणि दोघांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

स्वादुपिंडातील साखळी तर आणखी सुरेख आहे. रक्तातील साखर वाढली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत एटीपी वाढतो. एटीपीमुळे तिथले एक पोटॅशियम चॅनेल बंद होते, पेशीचा ऋणपणा घटतो, त्यामुळे कॅल्शियम चॅनेल उघडते, आत आलेल्या कॅल्शियममुळे इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीबाहेर रित्या होतात. ग्लिमेपिराइड त्याच पोटॅशियम चॅनेलला साखरेची वाट न पाहता बंद करते. हे औषध घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायकरीत्या का उतरते, हे यावरून सहज समजते. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूंतील कॅल्शियम चॅनेल अडवते. स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो.

दरवाजा मिटलाच नाही तर?

कोकणात आणि राज्याच्या इतर काही भागांत आढळणारा लाल विंचू हे याचे आपल्याकडील सर्वांत गंभीर उदाहरण आहे. त्याच्या विषातील काही घटक सोडियम चॅनेलचे बूच वेळेवर बसू देत नाहीत. चेतातंतू थांबायच्या ऐवजी पुनःपुन्हा संदेश पाठवत राहतात, शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आखडतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी अशा रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध त्यांना दिले; त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. प्राझोसिन सोडियम चॅनेलला हातही लावत नाही. रक्तवाहिन्यांवर अ‍ॅड्रेनलिनचा जो आघात होतो, तो ते अडवते. विष निष्प्रभ करण्यासाठी प्रतिविष लागते, आणि दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो असे डॉ. बावसकरांच्याच पुढील अभ्यासात दिसले.

याच विंचवाच्या विषात एका विशिष्ट पोटॅशियम चॅनेलला नेमके बंद करणारा आयबेरिओटॉक्सिन नावाचा घटक असतो आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या चॅनेलचा अभ्यास करण्यासाठी तो वापरतात. डासांच्या कॉइलमधील पायरेथ्रॉइड रसायनेही कीटकांच्या सोडियम चॅनेलला उघडे ठेवतात. डासाचे अंग आचके देते आणि तो पडतो. माणसाचे चॅनेल या रसायनांना बरेच कमी संवेदनशील असते आणि आपले यकृतही त्यांचा लवकर निचरा करते. काही डासांच्या चॅनेलमध्ये एखादा बदल होऊन रसायन तिथे नीट चिकटेनासे झाले आहे, आणि कॉइलचा परिणाम पूर्वीसारखा होत नाही या तक्रारीमागे हेही एक कारण असते.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला नारळपाणी टाळायला सांगतात, त्यामागेही हीच यंत्रणा आहे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ते मूत्रावाटे बाहेर पडले नाही तर रक्तात साचते, पेशीच्या आत-बाहेरचा उतार कमी होतो, आतला भाग पुरेसा ऋण होत नाही आणि हृदयातील सोडियम चॅनेलची बुचे निघतच नाहीत. ठोका बिघडतो, प्रसंगी थांबतो.

मग वेदना बंद करायला इतकी वर्षे का लागली?

दाताचे डॉक्टर वापरतात ते लिग्नोकेन सोडियम चॅनेल बंद करते. पण ते सगळ्याच प्रकारची सोडियम चॅनेल बंद करते. म्हणून वेदनेबरोबर स्पर्शही जातो आणि ओठ तासभर परका वाटतो. सुईने एका जागी दिल्यास हे चालून जाते. तेच औषध मोठ्या मात्रेत रक्तात गेले तर झटके येतात आणि हृदय बंद पडू शकते, कारण मेंदू आणि हृदयही सोडियम चॅनेलवरच चालतात.

माणसात या चॅनेलचे नऊ प्रकार आहेत. पाचवा प्रकार मुख्यतः हृदयात असतो. सातवा, आठवा आणि नववा प्रामुख्याने वेदना वाहणाऱ्या चेतापेशींत. सातव्याचे महत्त्व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ठसवले. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवत असे. दंडातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवर चाले. त्याला वेदना होतच नसत. संशोधक त्याला तपासण्याआधीच तो छपरावरून उडी मारून, चौदा वर्षांचा होण्यापूर्वी मरण पावला. त्याच्या नात्यातील ज्यांना वेदना कळत नसत, त्यांच्यात सातव्या प्रकारच्या चॅनेलचे जनुक निकामी आढळले. स्पर्श, गरम, थंड हे सारे त्यांना कळत होते. उलट, याच चॅनेलचा अतिउत्साही प्रकार वारशाने मिळालेल्यांचे हात-पाय थोड्याशा उबेनेही आग झाल्यासारखे जळतात.

यानंतर सातवे चॅनेल बंद करणारी गोळी शोधण्याची चढाओढ लागली आणि तिने बऱ्याच अंशी निराशा केली. प्रयोगशाळेत चांगले दिसणारे रेणू रुग्णांत फिके पडले. मग लक्ष आठव्याकडे गेले. त्याची एक चुणूक निसर्गाने दाखवलीच होती. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात एक उंदीर तिथला अत्यंत वेदनादायक विंचू मजेत खातो, आणि त्याच्या अंगात विंचवाचे विष आठव्या चॅनेलला बंद करते, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. ज्या विषाने इतरांना वेदना होते, तेच त्याच्या वेदनेवर उतारा ठरते. सुझेट्रिजिन हे याच आठव्या चॅनेलला बंद अवस्थेत धरून ठेवते. ते लिग्नोकेनसारखे बोगद्यात जाऊन बसत नाही. विद्युत बदल ओळखणाऱ्या भागाला चिकटते. तो भाग नऊही प्रकारांत जरा वेगवेगळा असल्यामुळे नेमकेपणा साधतो. आणि आठवे चॅनेल मेंदूत जवळजवळ नसल्यामुळे सुखाची यंत्रणा हलत नाही.

गमतीचा भाग असा, की मॉर्फिनचाही शेवटचा परिणाम चॅनेलवरच होतो. ते आधी एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, मग त्या प्रथिनाच्या सांगण्यावरून पोटॅशियम चॅनेल उघडतात, कॅल्शियम चॅनेल मिटतात आणि चेतापेशी गप्प होते. फरक इतकाच, की ही आज्ञा श्वासाच्या आणि सुखाच्या केंद्रांतही पोचते.

वेदना पूर्ण थांबवणे धोक्याचे नाही का?

जन्मभरासाठी थांबली तर निश्चितच धोक्याचे आहे. वर उल्लेख केलेल्या कुटुंबांतील मुलांच्या जिभा आणि ओठ लहानपणीच स्वतःच्या दातांनी चावले गेले होते आणि हाडे मोडूनही लक्षात आली नव्हती. सुझेट्रिजिनबाबत मात्र ही भीती गैरलागू आहे, कारण ते वेदना पूर्ण थांबवतच नाही. वेदनातंतूंत सातवे आणि नववे चॅनेल चालू राहतात, आणि परिणाम मर्यादित असण्याचे ते एक संभाव्य कारण आहे.

ही मर्यादा चाचण्यांतही दिसली. पोटावरील आणि पायाच्या अंगठ्यावरील शस्त्रक्रियेनंतर ही गोळी घेतलेल्यांची वेदना औषधविरहित गोळी घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. पण हायड्रोकोडोन व पॅरासिटामॉल यांच्या प्रचलित मिश्रणापेक्षा ती सरस ठरली नाही. मान्यता आहे ती प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, पण अल्पकालीन वेदनेसाठी. पाठीतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर, ज्याला आपण सायटिका म्हणतो, २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या चाचणीत वेदना कमी झाली खरी, पण औषधविरहित गोळीनेही ती जवळपास तितकीच कमी केली. वर्षानुवर्षांच्या दुखण्यात मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच बदललेले असतात. तिथे वाटेवरचा एक दरवाजा बंद करून कितपत भागेल, याचे उत्तर मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या चेतातंतूंच्या वेदनेवर हाती घेतलेल्या मोठ्या चाचण्यांतून मिळायचे आहे.